बेलुगाचा सारंग

बिझर्तेच्या जुन्या बंदरात सावेली फोमिच कोण, असं विचारलं असतं तर दहांतल्या नवांनी खांदे उडवले असते. पण ‘मुस्यू बेलुगा’ कुठे बसतो म्हटलं, की मासळी विकणाऱ्या सिसिलियन बाईपासून कस्टमच्या शिपायापर्यंत सगळ्यांनी एकाच दिशेला हात केला असता. खमीसच्या कॉफीच्या दुकानाबाहेर, निळ्या दाराच्या डाव्या हाताला, भिंतीला पाठ टेकून आणि मांडीवर दोरखंड घेऊन तो बसलेला असायचा. तुटलेले दोर सांधणं हा त्याचा धंदा. दोन टोकांचे पीळ सोडवून तो ती एकमेकांत अशी गुंफायचा, की डोळे मिटून हात फिरवला तर सांधा लागू नये. डाव्या हाताची दोन बोटं वळत नसत. तरी हे काम तोच करी.

त्रेसष्ट वर्षांचा हा माणूस अजूनही आरमाराचा काळा कोट घालायचा. कोपरांवर ठिगळं होती, पण पितळी बटणं दर शनिवारी घासली जायची. त्याची एक खोड होती. तो ‘मी’ असं फारसं म्हणतच नसे. “आम्ही कॉन्स्टँटिनोपल सोडलं तेव्हा,” “आम्हाला त्या वर्षी रंग मिळाला नाही,” असं तो बोलायचा. आम्ही म्हणजे तो आणि त्याची बोट, बेलुगा.

बेलुगा ही काही लढाऊ नौका नव्हती. ती एक टग होती. काळी, बुटकी, आडव्या अंगाची, मोठ्या जहाजांना ओढून नेणारी. १९२०च्या हिवाळ्यात रशियात बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या ‘पांढऱ्यांचा’ पराभव झाला आणि काळ्या समुद्रातलं उरलंसुरलं आरमार बायकापोरांसकट क्रिमियातून निघालं. ते भूमध्य समुद्र ओलांडून ट्युनिशियात, बिझर्तेच्या सरोवरात येऊन थांबलं. त्या ताफ्यात बेलुगा होती आणि तिच्या दोरामागे यास्त्रेब नावाची विनाशिका होती. यास्त्रेबची इंजिनं बंद पडली होती. तोफा होत्या, अधिकारी होते, झेंडा होता, पण तिला स्वतःहून एक हात पुढे सरकता येत नव्हतं.

कॉन्स्टँटिनोपलपासून अकरा दिवस बेलुगानं तिला ओढलं. टगचा कमांडर टायफसनं फणफणून खाली पडलेला, म्हणून सगळा कारभार खलाशांच्या नायकावर, सारंगावर, म्हणजे सावेलीवर, आला. ग्रीसच्या दक्षिणेला वादळानं गाठलं. पहिला दोर तुटला. दुसरा बांधला, तोही तुटला आणि तुटताना चाबकासारखा डेकवरून फिरला. त्यात सावेलीची दोन बोटं कायमची निकामी झाली, आणि मदतीला वर आलेला भट्टीवाला तीखोन समुद्रात फेकला गेला. पुन्हा दिसला नाही. तिसऱ्या वेळी सावेलीनं यास्त्रेबच्या नांगराची साखळी सोडायला लावली आणि दोराला जोडली. साखळीच्या वजनानं दोर मध्येच पाण्यात वाकून राहिला, लाटेचा हिसका त्या बाकानं खाल्ला, आणि दोर टिकला.

त्यानंतरची चार वर्षं आरमार बिझर्तेच्या सरोवरात नांगरून होतं. देश नव्हता, पगार नव्हता, दारूगोळा किनाऱ्यावरच्या फ्रेंच कोठारात जमा होता. तरी रोज सकाळी आठला प्रत्येक जहाजावर झेंडा चढे, पितळ घासलं जाई, जुन्या युद्धनौकेच्या पोटात पोरांची शाळा भरे. ताफ्याचे पहिले अ‍ॅडमिरल लवकरच पॅरिसला गेले. दुसरे राहिले, आणि चार वर्षं तो ताफा त्यांनी कशाच्या बळावर सांभाळला हे सावेलीला नेमकं माहीत होतं. ते दर महिन्याला एकेका जहाजावर जात आणि सगळ्यांत शेवटी बेलुगावर येत. बेलुगावर येताना त्यांचे बूट कोळशानं काळे होत, तरी येत.

“सारंग, कशी आहे बोट?”

“चालते, महाराज.”

“मग आमच्यापेक्षा बरी,” असं म्हणून ते उभ्या उभ्या चहा घेत.

बेलुगा खरंच चालत होती. म्हणून तिला पाण्याचं काम दिलं होतं. पिण्याचं गोडं पाणी भरून ती रोज सकाळी सरोवरात फेरी मारी आणि जहाजाजहाजाला पाणी देई. १९२४ साली फ्रान्सनं नव्या रशियाला मान्यता दिली, झेंडे उतरले, जहाजं भंगारात गेली. बेलुगाही गेली. सावेली राहिला. युद्धनौकेवर कपडे धुणाऱ्या ग्लाफिराशी त्यानं लग्न केलं आणि मदिनेच्या, म्हणजे जुन्या गावाच्या, भिंतीलगत दोन खोल्या घेतल्या.

तेरा वर्षं अशी गेली. मग १९३७ साली गावातल्या रशियनांनी स्वतःचं छोटं पांढरं चर्च बांधायला घेतलं. आत एक संगमरवरी पाटी बसवायची, तिच्यावर ताफ्यातल्या जहाजांची नावं कोरायची, असं ठरलं.

ही बातमी ग्लाफिरानं आणली. ती चर्चच्या कमिटीतल्या बायकांबरोबर पडदे शिवायला जायची.

“पाटी होणार आहे,” ती काकड्या मिठात घालता घालता म्हणाली. “पण फक्त लढाऊ जहाजं. ज्यांच्यावर पांढरा झेंडा होता तीच.”

पांढऱ्यावर निळी तिरकी फुली हा आरमाराचा झेंडा. बेलुगासारख्या मदतीच्या बोटींना निळा झेंडा असे आणि ती फुली नुसती कोपऱ्यात.

“ऐकलंस का?”

“ऐकलं.”

“मग बोल की काहीतरी.”

“काकड्यांत बडीशेप कमी आहे,” सावेली म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

त्या दिवशी त्यानं एक सांधा बिघडवला. खमीसनं तो उचलून पाहिला, अंगठ्यानं चाचपला. खमीस बुटका, पोट सुटलेला, आणि तोंडाचा फार तिखट माणूस होता. या रशियनाशी त्याची सोळा वर्षांची मैत्री होती, तरी तो त्याला ‘सी’, म्हणजे साहेब, लावूनच हाक मारी.

“सी सावेली, याला काय झालं? उंटानं चावलं?”

“ठेव खाली.”

“माझी बायको याच्यापेक्षा बरी वेणी घालते. आणि तिला दिसत नाही.”

सावेलीनं दोर ओढून घेतला आणि पुन्हा उसवला. मग थोड्या वेळानं, खमीसकडे न बघता, म्हणाला, “तीखोन म्हणून एक होता. त्याला थडगं नाही. बोट भंगारात गेली, म्हणजे तिचंही नाही. दगडावर नाव आलं असतं तर दोघांचं मिळून एक झालं असतं.”

खमीसनं यावर थट्टा केली नाही. आत जाऊन कॉफी आणली आणि त्याच्यापुढे ठेवली.

पण आठवड्याभरात वारंच फिरलं. एका दुपारी वारवारा पेत्रोव्ना जुन्या बंदरात आल्या. ही तोफखान्याच्या अधिकाऱ्याची विधवा, पियानो शिकवून पोट भरणारी, आणि पाटीच्या कमिटीची चिटणीस. हातात छत्री, डोक्यावर विरलेली पण इस्त्रीची टोपी. खमीसनं घाईघाईनं खुर्ची पुसली.

“सावेली फोमिच,” त्या बसत म्हणाल्या, “आम्ही भांडून भांडून दमलो हो. लढाऊ कोणतं आणि साधं कोणतं, यावरच तीन बैठका गेल्या. एकाच्या तोफेला घोडा नव्हता, दुसऱ्याला तोफच नव्हती. शेवटी ठरवलं, जे जे समुद्र ओलांडून या सरोवरात आलं ते सगळं दगडावर जाईल.”

सावेलीनं मांडीवरचा दोर बाजूला ठेवला.

“पण सगळं म्हणजे किती, तेच कुणाला ठाऊक नाही. कागद पॅरिसला गेले. कुणी तीस म्हणतं, कुणी पस्तीस. मग मला आठवलं, तुम्ही रोज प्रत्येक जहाजाला पाणी द्यायचात. याल का शुक्रवारी?”

“येतो,” सावेली म्हणाला. इतक्या हळू, की वारवारा पेत्रोव्नांना पुन्हा विचारावं लागलं.

शुक्रवारी त्यानं दाढी केली. बटणं शनिवारची वाट न पाहता घासली. कमिटी वारवारा पेत्रोव्नांच्या खोलीत, पियानोभोवती बसली होती. त्या स्वतः, पाद्री, आणि बंदराच्या कचेरीत नकाशे काढणारे माजी लेफ्टनंट रोस्तिस्लाव गाव्रिलिच. रोस्तिस्लाव गाव्रिलिच नियमाचा माणूस. झेंड्याची अट त्यांनीच काढली होती, आणि हरल्यावरही पेन्सिलींना टोक करत ते ताठ बसले होते.

“सांगा,” ते म्हणाले. “सावकाश.”

सावेली उभाच राहिला. डोळे मिटले. त्याच्या पायाखाली वारवारा पेत्रोव्नांच्या खोलीची फरशी नव्हती, बेलुगाचं डेक होतं. सकाळचे सहा वाजले होते आणि तो फेरीला निघाला होता.

“पहिली जुनी युद्धनौका,” त्यानं सुरुवात केली. “चाळीस पिंपं, कारण पोरं. धुण्याला वेगळी दोन, पण ती आम्ही गुपचूप द्यायचो. मग तिच्या उजव्या हाताला...”

जहाजामागून जहाज येत गेलं. कुणाचा स्वयंपाकी पाणी घेताना शिव्या घालायचा, कुणाच्या डेकवर कांदे लावले होते, कोणत्या पाणबुडीचा कप्तान पहाटे व्हायोलिन वाजवायचा, कुणाच्या शिडीची तिसरी पायरी मोडकी होती. “मग यास्त्रेब. कप्तान तूचिनसाहेब. पाणी मोजून घ्यायचे, थेंब सांडू द्यायचे नाहीत, आणि दाढीसाठी एक पेला जास्तीचा मागायचे. लाजत मागायचे.” प्रत्येक जहाजाच्या कप्तानाचं नाव तो घेत होता, बदलून दुसरा आला असेल तर त्याचंही. रोस्तिस्लाव गाव्रिलिच आधी नुसती नावं लिहीत होते. मग नाव लिहून झालं की पेन्सिल थांबे आणि ते ऐकत राहत. त्यांचं स्वतःचं जहाज आलं तेव्हा सावेली म्हणाला, “आणि तिथे एक तरुण लेफ्टनंट रोज आम्हाला सलाम करायचा. टगला कोण सलाम करतं? पण ते करायचे.” रोस्तिस्लाव गाव्रिलिच उठून खिडकीपाशी गेले, रुमालानं डोळे पुसले आणि परत लिहायला बसले.

“आणि सगळ्यांत शेवटी ते कोळशाचं जहाज, दक्षिणेच्या टोकाला,” सावेली म्हणाला. “झालं. पिंपं रिकामी.”

बत्तीस नावं झाली होती. पाद्र्यानं क्रूसाची खूण केली. वारवारा पेत्रोव्नांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. सावेली घरी निघाला तेव्हा तो त्रेसष्टचा नव्हे, चाळिशीचा चालत होता.

ग्लाफिरा दारातच उभी होती. “सांगितलीस?”

“सगळी. एक चुकलं नाही. रोस्तिस्लाव गाव्रिलिच रडले, सांगतो काय!”

“आणि बेलुगाला कितवा नंबर दिलास?”

सावेलीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

तो पाण्याची फेरी म्हणत गेला होता. फेरीत फक्त पाणी घेणारी जहाजं येतात. पाणी देणारी बोट स्वतःच्या फेरीत कशी येणार? चार वर्षं रोज सकाळी त्यानं बत्तीस जहाजं मोजली होती, आणि आपण ज्या फळ्यांवर उभे आहोत ती मोजायचं कधी कारणच पडलं नव्हतं.

“अरे देवा,” ग्लाफिरा म्हणाली. “आख्ख्या आरमाराला पोचवलंस आणि स्वतः धक्क्यावरच राहिलास!”

“गप.”

“जा परत. आत्ता जा.”

“काय सांगू जाऊन? सगळ्यांचं लिहून घेतलंत, आता माझंही घाला? म्हणतील, म्हातारा दारात उभा राहून मागतो.”

“मागतोस म्हणतील तर म्हणू देत! मी जाते.”

“तू पाऊल टाकलंस तर बघ,” सावेली म्हणाला. तो ग्लाफिरावर कधी आवाज चढवत नसे. ती थांबली.

शनिवारी खमीसलाही कळलं. त्यानं कपाळावर हात मारला. “म्हणजे गाढवं मोजायला बसलेला तो शेतकरी, ज्यानं स्वतःच्या बुडाखालचं गाढव धरलंच नाही!”

“हस.”

“हसतोय कुठे? मीच जातो. सांगतो त्या छत्रीवाल्या बाईला.”

“खमीस, बोटीचं नाव बोटीच्या माणसानं मागायचं नसतं. तिनं ओढलं ते ज्यांनी पाहिलं, त्यांनी म्हणायचं असतं.”

“आणि ज्यांनी पाहिलं ते विसरले असतील तर?”

सावेली बटणं घासायला लागला.

रविवारी प्रार्थनेनंतर यादी सगळ्यांपुढे वाचायची होती, सोमवारी ती पाथरवटाकडे जाणार होती. नवं चर्च पुरं व्हायचं होतं, म्हणून सगळे जुन्या भाड्याच्या दिवाणखान्यात जमले. साठेक माणसं. ट्युनिसहून, फेरीव्हिलहून लोक आले होते. कप्तान तूचिनही आले होते. ते आता दक्षिणेत सरकारी मोजणी खात्यात होते आणि वर्षा-दीड वर्षात एकदा दिसत. उंच, वाकलेले, उन्हानं चामड्यासारखे झालेले.

आरमारात एक रिवाज होता. सगळे ताफ्याचे लोक एकत्र जमले, की आपल्या जहाजाचं नाव पुकारल्यावर उठून उभं राहायचं आणि शेवटपर्यंत उभं राहायचं. नाव पुकारण्याआधी उठायचं नाही, मग समोर कुणीही असो. कुणी सांगितलं नव्हतं, पण रोस्तिस्लाव गाव्रिलिचनी पहिलं नाव घेतलं आणि युद्धनौकेवर राहिलेल्या बायका, त्यांची मोठी झालेली मुलं, ग्लाफिरासकट, खुर्च्या सरकवत उठली. मग पुढचं. मग पुढचं. काही जहाजांना एकच माणूस उठला. एका पाणबुडीला कुणीच उरलं नव्हतं, तेव्हा पाद्र्यानं ते नाव दुसऱ्यांदा घेतलं. यास्त्रेब म्हटल्यावर कप्तान तूचिन आणि मागच्या रांगेतला एक टक्कल पडलेला खलाशी उभे राहिले.

बत्तिसावं नाव झालं. कागदाची घडी झाली. सगळा दिवाणखाना उभा होता.

सावेली बसला होता.

मुद्दाम नव्हे. मुद्दाम काही करणं त्याला जमत नसे. नाव पुकारलं नव्हतं म्हणून तो बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ ताठ. आधी शेजाऱ्यांनी पाहिलं, मग पुढच्यांनी मान वळवली. ग्लाफिरा ओठ घट्ट मिटून जमिनीकडे बघत होती.

“सावेली फोमिच,” कप्तान तूचिन म्हणाले, “बरं वाटत नाही का?”

“बरं आहे, कप्तानसाहेब.”

“मग बसलात का?”

“आमची बोट अजून पुकारली नाही.”

रोस्तिस्लाव गाव्रिलिचनी कागद उलगडला आणि वरून खालपर्यंत बोट फिरवलं. पुन्हा वरून फिरवलं. “पण यादी तुम्हीच सांगितलीत,” ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “आणि त्यावर सह्या झाल्या आहेत. शिवाय, काटेकोर पाहिलं तर, ती बोट म्हणजे पाण्याची...”

“रोस्तिस्लाव गाव्रिलिच,” कप्तान तूचिन मध्येच म्हणाले. आवाज मोठा नव्हता. “समुद्र ओलांडताना तुमच्यापुढे काय होतं?”

“म्हणजे?”

“तुमचं जहाज स्वतः चालत होतं. तुम्हाला क्षितिज दिसलं असेल. मला अकरा दिवस एका टगचं ढुंगण दिसत होतं. माफ करा, फादर. काळं, गंजलेलं, लाटेत बुडायचं आणि परत वर यायचं. तिसऱ्या दिवशी दोर दुसऱ्यांदा तुटला. माझ्या डेकवर एकशे दहा माणसं, त्यात एकोणीस पोरं. मी भोंग्यातून ओरडून सांगितलं, आम्हाला सोडा, तुमची बोट वाचवा. लेखी हुकूम देतो म्हणालो. या माणसानं काय उत्तर दिलं, विचारा त्याला.”

“काही विशेष नाही,” सावेली पुटपुटला.

“सांगा.”

“म्हटलं, वाऱ्यात ऐकू येत नाही.”

मागून कुणीतरी हसलं. तो यास्त्रेबचा टकल्या खलाशी होता, आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले.

“त्यांचा एक माणूस गेला त्या वेळी,” कप्तान तूचिन म्हणाले. “भट्टीवाला.”

“तीखोन,” सावेली म्हणाला. “तीखोन ल्याशेंको.”

“तीखोन ल्याशेंको. बेलुगा नसेल तर यास्त्रेबही खोडा. ती इथे आलीच नव्हती. आणली होती.”

रोस्तिस्लाव गाव्रिलिचनी खिशातून पेन्सिल काढली, कागद खुर्चीच्या पाठीवर टेकवला आणि लिहिलं. ताठ झाले. आणि सरोवरात पंधरा वर्षांपूर्वी पुकारलं जाई तशा स्वरात, पूर्ण गळ्यानं, म्हणाले, “बेलुगा!”

सावेली फोमिच उठला. गुडघे कुरकुरले, पण हाताचा आधार न घेता उठला. बेलुगाचं बिझर्तेत दुसरं कुणी नव्हतं. तो एकटाच उभा होता. मग कप्तान तूचिन आपली जागा सोडून आले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. टकल्या खलाशीही आला.

परतताना ग्लाफिरा रस्ताभर बोलत होती. यास्त्रेबच्या कप्तानाला जेवायला बोलवायला हवं होतं, काकड्या नेमक्या आत्ता मुरल्या होत्या, आणि माणूस इतका वाळलाय की बघवत नाही. सावेली हुं हुं करत होता.

महिन्याभरानं पाथरवटानं, म्हणजे माल्टाच्या जुझेप्पनं, पाटी पुरी केली. चर्चमध्ये नेण्याआधी ती त्याच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवली होती. खमीस चर्चमध्ये कधी जाणार नव्हता, म्हणून सावेली त्याला तिथेच घेऊन गेला. खमीसनं हात मागे बांधून, मान तिरकी करून दगड वरपासून खालपर्यंत पाहिला. ती लिपी त्याला वाचता येत नव्हती.

“तुझी कुठली?”

सावेलीनं न वळणारं बोट खालच्या एका ओळीखाली टेकवलं. अक्षरांत अजून दगडाची पांढरी भुकटी होती.

खमीसनं वाकून पाहिलं. मग वरच्या युद्धनौकेची अक्षरं पाहिली. मग परत खालची. वीत लावून मापलीसुद्धा.

“वरच्यांपेक्षा लहान नाहीत,” तो म्हणाला.

“नाहीत,” सावेली फोमिच म्हणाला. आणि खिशातून रुमाल काढून त्यानं ती भुकटी पुसली. आधी आपल्या ओळीतली, आणि मग, हात लागलाच होता म्हणून, उरलेल्या सगळ्यांची.